लेन्स बाहेरच अडकली? छोटा डिजिटल कॅमेरा घरच्या घरी सोडवण्याची रीत

कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेले छोटे डिजिटल कॅमेरे सध्या परत बाहेर निघताहेत. कॉलेजातल्या मुलांना त्या फोटोंचा रंग आवडतो, मोबाइलपेक्षा वेगळा दिसतो म्हणतात. पण कॅमेरा चालू करावा तर बऱ्याचदा लेन्स अर्धवट बाहेर येते, कर्रकर्र करते आणि स्क्रीनवर ‘लेन्स एरर’ उमटतं. घरचे, शेजारचे, मित्रमंडळींचे असे बरेच कॅमेरे माझ्या हाताखालून गेले आहेत. त्यातले अनेक घरातल्याच वस्तूंनी सुटले, काही सुटले नाहीत. कुठल्या क्रमाने काय करून पाहायचं आणि कुठे थांबायचं, ते इथे सांगतो.

आधी एक करा: चालू-बंदचं बटण दाबणं थांबवा. प्रत्येक वेळी मोटर अडकलेल्या नळीवर जोर लावते आणि आतले प्लास्टिकचे बारीक दाते झिजतात. वाळूच्या एका कणाने अडलेला कॅमेरा अशा हट्टापायी कायमचा जातो.

आत नेमकं काय होतं

अशा छोट्या, म्हणजे कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची लेन्स म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन-तीन नळ्या, प्रवासात न्यायचा घडीचा पेला असतो तशा. नळीच्या अंगावर तिरप्या खोबणी असतात आणि त्यांत दुसऱ्या नळीच्या बारीक पिना, सहसा तीन, सरकतात. एक चिमुकली मोटर गिअरमधून नळी फिरवते, पिना खोबणीतून पुढे सरकतात आणि लेन्स बाहेर येते. ती कुठवर पोचली हे कळायला आत प्रकाशावर चालणारा सेन्सर असतो. ठरलेल्या वेळात सेन्सरकडून खूण आली नाही की कॅमेरा पुन्हा एखाद-दोनदा जोर लावतो आणि मग हात टेकतो.

म्हणून संदेश पाहून घाबरू नका. नळी वेळेत जागेवर आली नाही, इतकाच त्याचा अर्थ. जुन्या कॅनन पॉवरशॉटवर हाच संदेश ‘ई१८’ असा यायचा, नंतरच्यांवर ‘लेन्स एरर, रिस्टार्ट कॅमेरा’ असा येतो. निकॉनवर ‘लेन्स एरर’, पॅनासॉनिकवर ‘सिस्टिम एरर (झूम)’, फुजीवर ‘लेन्स कंट्रोल एरर’. सोनी म्हणतो, ‘टर्न द पॉवर ऑफ अँड ऑन अगेन’. हा संदेश सगळ्यात फसवा आहे, कारण माणूस आज्ञाधारकपणे तेच करत बसतो.

काय काय लागेल

- पूर्ण चार्ज केलेली, शक्यतो दुसरी बॅटरी
- रबरी फुग्याचा ब्लोअर (कॅमेऱ्याच्या साहित्यात मिळतो)
- मऊ, कोरडा, न वापरलेला रंगकामाचा ब्रश, शून्य किंवा एक नंबरचा
- साध्या कोऱ्या कागदाच्या अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या
- लाकडी टूथपिक, खोडरबर, चष्मा पुसायचा फडका
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्के. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. कोविडच्या काळातला उरलेला सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते चिकटून बसतं.
- विजेरी किंवा मोबाइलचा टॉर्च
- कॅमेऱ्याचं बिल आणि वॉरंटी कार्ड, असलं तर

वॉरंटी चालू असेल तर फक्त पहिल्या दोन पायऱ्या करा आणि सरळ सर्व्हिस सेंटर गाठा. वाळू, पाणी आणि पडझड वॉरंटीत सहसा बसत नाही, तेव्हा दुरुस्तीचा अंदाज आधी लेखी मागा.

१. फोटो आधी वाचवा

मेमरी कार्ड काढून बाजूला ठेवा. कार्डावरच्या फोटोंचा अडकलेल्या लेन्सशी संबंध नसतो, कार्ड रीडरने ते संगणकावर घेता येतात.

सापळा असा की काही कॅमेऱ्यांत, विशेषतः निकॉन, सोनी आणि कोडॅकच्या बऱ्याच मॉडेलांत, थोडीशी अंतर्गत मेमरी असते. कार्ड न घालता काढलेले फोटो तिथे असतात आणि ते कोणाच्या लक्षातही नसतात. कॅमेऱ्यावर त्रिकोणाचं प्ले बटण असेल तर ते दाबून धरा. बहुतेक कॅमेरे असे चालू केल्यावर लेन्स बाहेर काढतच नाहीत, नुसते फोटो दाखवतात. तिथून केबलने फोटो उतरवून घ्या. दुरुस्तीला देण्याआधी तर हे कराच.

२. बॅटरीवरचा संशय फेडून घ्या

लेन्स बाहेर काढताना मोटर एकदम बराच करंट ओढते. बॅटरी मरतुकडी असेल तर स्क्रीन लागतो, बीप वाजतं आणि नळी मात्र मध्येच थांबते. कितीतरी ‘लेन्स एरर’ इथेच मिटतात.

बॅटरी काढा, दहा-पंधरा मिनिटं कॅमेरा तसाच राहू द्या, मग पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घाला. कपाटात पडून राहिलेली लिथियम बॅटरी चार्जरवर ‘फुल’ दाखवते पण जोर आला की बसते, तेव्हा त्या हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. नवी घेताना जुनीवरचा नंबर (एनबी-६एल वगैरे) तोच आहे का पाहा. फुगलेली बॅटरी असेल तर ती घालूच नका, ढकलून बसवूही नका.

पेन्सिल सेलवर चालणारे कॅमेरे, म्हणजे कॅननच्या ए मालिकेतले बरेचसे, यांची गंमत वेगळी. घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालायचे स्वस्त सेल त्यांना पुरतच नाहीत. अल्कलाइन थोडा वेळ चालतात. खरे कामाचे ते चार्ज करायचे निकेल मेटल हायड्राइड सेल, २००० एमएएचच्या आसपासचे. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं पाहून कमी पडतील असं वाटतं, पण जोर आल्यावर ते टिकतात आणि १.५ वाले माना टाकतात.

बॅटरीचे धातूचे स्पर्शबिंदू खोडरबराने घासून फडक्याने पुसा. खोडरबराचा चुरा आत राहू देऊ नका. सेल पाझरून पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर टूथपिकच्या टोकाला कापूस गुंडाळून किंचित व्हिनेगरने पुसा, मग अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या. बॅटरीच्या दाराच्या कडेला असलेली प्लास्टिकची छोटी खुंटीही तपासा. ती आतलं बटण दाबते. ती मोडली असेल तर कॅमेरा चालूच होत नाही, आणि दोष बिचाऱ्या लेन्सला मिळतो.

३. आता ऐका आणि बघा

ही पायरी लोक गाळतात आणि मग दिसेल ते करत सुटतात. चांगली बॅटरी घालून, खोलीतला पंखा बंद करून, कॅमेरा कानाजवळ धरून फक्त एकदाच चालू करा.

काहीच आवाज नाही: मोटरपर्यंत वीज पोचत नाही किंवा मोटरच गेली आहे. कधी आतली पट्टीसारखी केबल तुटलेली असते. बाहेरून साफसफाई करून उपयोग नाही. दुसरी पायरी पुन्हा एकदा नीट करा आणि थेट आठवीकडे जा.

मोटर सुसाट फिरते पण नळी हलत नाही: गिअरचा दाता तुटलाय किंवा सुटलाय. हेही घरचं काम नव्हे.

कर्रकर्र किंवा टकटक करत थोडी हलते आणि थांबते: वाळू, धूळ, खिशातले धागे. यात घरी सुटण्याची आशा सगळ्यात जास्त. अलिबाग-तारकर्लीहून आलेल्या कॅमेऱ्याचं निदान इथेच होतं.

पूर्ण बाहेर येते, क्षणभर थांबते, परत आत जाते आणि मग एरर: नळ्या ठीक आहेत. दोष फोकसच्या भागात, सेन्सरमध्ये किंवा केबलमध्ये असतो. पाचवी पायरी करून पाहा, पण फार आशा धरू नका.

आता बॅटरी काढा आणि टॉर्चच्या उजेडात समोरून व बाजूने पाहा. नळीभोवतीची फट सगळीकडे सारखी दिसते का? एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ बंद असेल तर कॅमेरा कधीतरी पडलेला आहे, कोणी कबूल करो वा न करो. त्याच्यासाठी सहावी पायरी आहे.

४. फटी साफ करा

बॅटरी काढलेली असू द्या. लेन्सचं तोंड जमिनीकडे करा, म्हणजे सुटलेला कचरा खाली पडेल. हे उलटं धरलं तर तोच कचरा आणखी आत जातो. ब्लोअरने नळीच्या फटीतून सगळीकडून थोड्या थोड्या झोताने हवा मारा, मग ब्रशने कडा झाडा, परत हवा मारा.

त्यानंतर कागदाची पट्टी. तिचं टोक दोन नळ्यांमधल्या फटीत दोन-तीन मिलिमीटरच घाला आणि हळूहळू गोल फिरवा. कुठे अडखळली की तिथे कण आहे. तिथे पट्टी मागे-पुढे करा, बाहेर काढून टोक पाहा, फडक्यावर टेकवा, नवी पट्टी घ्या. तीन मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. आत प्रकाश अडवायला बारीक कडी बसवलेली असते, ती सरकली तर पुढचा सगळा खेळ बिघडतो. ब्लेड, सुई, टाचणी तर नकोच.

गोड पेय सांडून नळी चिकटली असेल तर कागदाच्या पट्टीचं टोक अल्कोहोलमध्ये बुडवून, निथळून, मग फिरवा. थेंब लोंबता कामा नये. नंतर कॅमेरा निदान तासभर वाळू द्या.

इथल्या सापळ्यांची यादी मोठी आहे. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे तुषार काचेवर बसतात. शिवणयंत्राचं तेल, डब्ल्यूडी-४० किंवा घरातलं कुठलंही तेल घालू नका. दोन दिवस नळी लोण्यासारखी फिरते, मग तेलावर धूळ जमते, तेल पसरत काचेवर आणि शटरच्या पात्यांवर जातं. ‘तेल घालून पाहिलं’ म्हटल्यावर दुरुस्तीवाला कपाळाला हात लावतो तो यासाठीच. ओल्या कॅमेऱ्याला तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपायही सोडा. तांदळाची पूड त्याच फटीत शिरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवणं बरं. आणि समुद्राचं पाणी गेलं असेल तर बॅटरी काढा, परत घालू नका, त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे जा. मीठ वाट पाहत नाही.

५. कॅमेऱ्याला स्वतःहून लेन्स हलवायला लावा

फटी साफ झाल्यावर बॅटरी घाला. नळी बाहेर यायला कां कूं करत असेल तर तोंड खाली करून चालू करा, आत जायला तयार नसेल तर तोंड छताकडे करून. नळीचं वजन तुमच्या बाजूने काम करतं.

लेन्स बाहेरच राहिली असेल तर प्ले बटण दाबून फोटो पाहण्याच्या मोडमध्ये जा आणि मिनिटभर काही करू नका. बरेच कॅमेरे या मोडमध्ये थोड्या वेळाने लेन्स आपोआप आत घेतात. जुन्या मॉडेलांत आणखी एक युक्ती चालते. टीव्हीला जोडायची केबल कॅमेऱ्यात खुपसली की मागचा स्क्रीन बंद होतो आणि तेवढी वीज मोटरला मिळते. टीव्ही नसला तरी चालतो.

हलली, अगदी थोडी जरी हलली, तर लगेच परत चालू करू नका. बॅटरी काढा, चौथी पायरी पुन्हा करा. आता नळीचा नवा भाग उघडा पडलेला असतो आणि खरा कण पुष्कळदा तिथेच सापडतो.

तरी हलली नाही तर कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून, त्याची कड तळहातावर हलकेच आपटा. टेबलावर नव्हे. मेनूतलं ‘रिसेट ऑल’ दाबायचा सल्ला कोणी दिला तर एवढं लक्षात ठेवा की त्याने मेनूतल्या तुमच्या सेटिंग मूळपदावर जातात, अडकलेली नळी सुटत नाही.

६. नळी तिरकी झाली असेल तर

पडल्यावर एखादी पिन खोबणीतून निसटते आणि नळी एका अंगाला झुकते. बॅटरी काढा. कॅमेरा पाठीवर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. दोन्ही अंगठे नळीच्या उचललेल्या बाजूच्या कडेवर ठेवून हलका, वाढता दाब द्या. कडेवरच, काच झाकणाऱ्या मधल्या पात्यांवर नाही. ‘टक’ असा आवाज येऊन फट सारखी झाली तर पिन जागेवर बसली. मग बॅटरी घालून एकदा चालू करा.

एक फरक पक्का समजून घ्या. तिरक्या नळीला सरळ करायला दाबणं वेगळं आणि सरळ उभी असलेली नळी जोराने आत ढकलणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तुम्ही गिअरला उलटं फिरवू पाहता आणि त्याचे दाते तुटतात. मोटर फिरत असताना ती ज्या दिशेला नेते आहे त्याच दिशेला बोटाचा नुसता आधार देणं चालतं. तेवढ्याने झालं नाही तर तुमची ताकद वाढवून होणार नाही.

७. लेन्स ठीक, पण पाती उघडत नाहीत

फोटोच्या कोपऱ्यांत काळी सावली दिसते किंवा अर्धा फोटो काळा येतो, तेव्हा समोरची दोन पातळ पाती अर्धवट अडकलेली असतात. हे सोपं आहे. कॅमेरा चालू करून लेन्स बाहेर आल्यावर बॅटरीचं दार उघडा, म्हणजे लेन्स आत न जाता तशीच राहील. टूथपिकचं टोक अल्कोहोलने नुसतं ओलसर करून पात्यांच्या कडेवरून फिरवा, पाती अलगद मागे-पुढे करा, ब्लोअर मारा. काचेला टोक लागू देऊ नका.

८. उघडायचा का?

माझं मत विचाराल तर नाही. कारण फ्लॅश. फ्लॅश चालवायला आत एक कपॅसिटर असतो आणि त्यात सुमारे ३०० व्होल्ट साठवलेले असतात. बॅटरी काढली म्हणून ते लगेच जात नाहीत. स्क्रू काढून कव्हर उचलताना बोट तिथे लागलं तर जबर झटका बसतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करायचे व्हिडिओ दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. त्यात सर्किटही जळू शकतं.

ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सचा हात आहे ते तरी उघडणारच, त्यांच्यासाठी दोनच गोष्टी: जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या पद्धतीचे असतात, साध्या फिलिप्सने (अधिकच्या खुणेच्या स्क्रूड्रायव्हरने) त्यांची डोकी गुळगुळीत होतात, आणि स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, तेव्हा कागदावर कॅमेऱ्याचं चित्र काढून जिथला स्क्रू तिथेच चिकटपट्टीने लावा.

बाकीच्यांनी दुरुस्तीवाल्याकडे जावं. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी ओळखीचा आहे. दुसऱ्या शहरात कॅमेरे विकणाऱ्या जुन्या दुकानात चौकशी करा, ते कोणाकडे काम देतात हे त्यांना ठाऊक असतं. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याचा सोल्डरिंगला हात चांगला असतो, पण लेन्सच्या नळ्या परत नीट जुळवणं हे वेगळं काम आहे.

तिथे गेल्यावर आवाज कसा येतो, कधी पडला, वाळू गेली की पाणी, काय काय करून पाहिलं, सगळं खरं सांगा. ‘लेन्स साफ करणार की पूर्ण युनिट बदलणार’ हे विचारा, कारण पैशांत मोठा फरक पडतो. युनिट बदलणार असतील तर ते दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून काढलेलं आहे का ते विचारा. जुन्या मॉडेलांना बहुतेक वेळा तसंच मिळतं आणि त्यात गैर काही नाही, फक्त आधी कळायला हवं. जुना भाग परत मागा.

९. सुटल्यावर तपासा

लेन्स चालू लागली म्हणजे झालं असं नाही. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवा, त्याच्या बरोबर समोर कॅमेरा टेबलावर ठेवा आणि दोन फोटो काढा, एक झूम न करता आणि एक पूर्ण झूम करून. मोठे करून चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचा. एकच बाजू अस्पष्ट असेल तर आतली काच किंचित कलली आहे. घरगुती फोटोंना चालेल, विकायचा असेल तर घेणाऱ्याला सांगा.

कॅमेऱ्याची पाऊच उलटी करून झटका. बहुतेक वाळू तिथूनच येते. खिशात किंवा पर्समध्ये चुकून चालू झाला की लेन्स कापडाला अडते आणि पुन्हा तोच प्रकार, म्हणून चालू-बंदचं बटण बाहेरच्या बाजूला राहील असा ठेवा. पावसाळ्यात सिलिका जेलसकट डब्यात ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी धरते. महिन्यातून एकदा काढून लेन्स आत-बाहेर करा, झूम फिरवा. महिनोन्‌महिने वापरायचा नसेल तर बॅटरी काढून वेगळी ठेवा.

आणि फोटो काढायला सुरुवात करण्याआधी तारीख-वेळ लावा. बॅटरी बराच काळ बाहेर राहिली की कॅमेरा ती विसरतो. नाहीतर यंदाच्या गणपतीचे फोटो संगणकावर भलत्याच वर्षात जाऊन बसतील आणि शोधून सापडणार नाहीत.